शेंडा खुडल्यावर

हरभरा वीतभर वाढला की आमच्याकडे बाया शेंडे खुडायला रानात उतरतात. खुडलेला पाला ओट्यात जमतो, त्याची आंबटसर भाजी रात्री भाकरीबरोबर होते. शेंडा गेलेलं झाड मग वर जायचं सोडतं, आडवं फुटतं आणि घाटे धरतं. वर काही कापलं म्हणून खाली बरंच काही वाढलं, हे वारंगा फाट्यावरच्या कुणालाही नवं नाही. गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल का गोड लागतं हे मला कळलं ते याच वाटेनं. त्यातले दोन डायोड स्वराच्या लाटेचा शेंडा खुडतात आणि खुडल्या जागेखालून फुटवे येतात. फुटवे म्हणजे मूळ स्वरात दडलेले वरचे स्वर, जे कानसेन मंडळी तानपुऱ्याजवळ डोळे मिटून शोधत असतात.

मी मुळात रेडिओ-टीव्हीवाला. टीव्ही पातळ झाले, रेडिओ मोबाईलमध्ये गेले, तसा मी मंडपवाल्यांच्या अँप्लिफायरवर आणि शेतातल्या मोटारींच्या स्टार्टरवर आलो. दुकान फाट्यावरच. अकोला-हिंगोलीकडून नांदेडला जाणारा रस्ता आणि नागपूर-यवतमाळकडून तुळजापूरला जाणारा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. त्यामुळे ट्रकची घरघर रात्रीही पुरती थांबत नाही आणि खिचडीच्या हॉटेलांतली गर्दीही. असल्या जागी कान तयार होतो म्हटलं तर लोक हसतील. पण मंडपातला भोंगा कशानं फाटतोय हे लांबून ओळखण्यात ज्याची उमर गेली, त्याला फाटण्याच्या जाती कळायला लागतात. पडदा फाटलेला भोंगा वेगळा ओरडतो, सप्लाय अपुरा पडलेला अँप्लिफायर वेगळा, आणि माईक तोंडात धरणारा पुढारी तर अगदीच वेगळा.

भाचा नांदेडला शिकायला आहे आणि तिथं गिटारच्या नादी लागलाय. दिवाळीत आला तो कागदावर सर्किट काढूनच. “मामा, बाजारातलं परवडंना. तुम्ही बनवून द्या की.” फाटका आवाज दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला आवाज फाडायचं यंत्र मागायचं, म्हणजे न्हाव्याला केस वाढवून मागण्यासारखंच. पण कागद बघितला आणि हसू आलं. मधोमध बसलेला आयसी ४५५८. होम थिएटरच्या बेस-ट्रेबल बोर्डावर असतो तो. माझ्या ड्रॉवरमध्ये मूठभर पडलेत, गेलेल्या बोर्डांवरून उपटलेले. जपानच्या निशिन ओंपा कंपनीत सुसुमू तामुरांनी हे सर्किट आखलं आणि १९७९च्या सुमारास ते आयबानेझच्या नावानं, ‘ट्यूब स्क्रीमर’ म्हणून, हिरव्या डब्यात बाजारात आलं. जगभरचे गिटारवाले त्यातल्या जुन्या ४५५८साठी जीव टाकतात म्हणे. माझ्याकडे तो कुणी फुकट नेत नव्हतं.

आवाज मुद्दाम फाडायची हौससुद्धा बिघाडातूनच निघालेली आहे. मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे १९६१ साली आलेलं गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बेसचा तुकडा भुंग्यासारखा घरघरला. मंडळींनी तो तसाच ठेवला. पुढच्या वर्षी माएस्ट्रो कंपनीनं तोच बिघाड डब्यात घालून विकायला काढला आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नं तो घरोघर पोचवला. आता मुंबईतही ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन’सारखी कंपनी असले डबे बनवते. आमच्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो मात्र डब्याबिब्याच्या भानगडीत न पडता भोंग्याचा आवाज पूर्ण सोडून तेच काम करत आलाय.

पण तामुरांच्या सर्किटकडे परत येतो, कारण त्याची गोडी डायोड कुठं बसवलाय यात आहे. एक पद्धत सरळ आहे. आवाज मोठा करा आणि त्याच्या वाटेवर दोन डायोड उलटसुलट करून ग्राउंडला जोडा. ठरावीक उंचीच्या वर गेलेला आवाज ग्राउंडमध्ये वाहून जातो, लाटेचा माथा पठारासारखा सपाट होतो. एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस आणि प्रोकोचं रॅट या घराण्यातली. ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड आयसीच्या फीडबॅकमध्ये आहेत. ते आवाज सांडून देत नाहीत, आयसीचाच हात धरतात. लाट चढायला लागली की डायोड हळूहळू वाट मोकळी करतो आणि आयसीची वाढ कमी होत होत एकपटीपर्यंत येते. एकपटीच्या खाली मात्र ती जातच नाही. म्हणजे मूळ स्वर, जसा तारेवरून आला तसा, खुडलेल्या लाटेच्या खांद्यावर बसून बाहेर पडतो. भंगारात घेतलेल्या माझ्या सीआरओवर, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, हे दिसतं: बाजू कड्यासारख्या उभ्या, आणि वर पठार नव्हे तर छोटी घुमटी. त्या घुमटीत गिटार जिवंत असते. बोट हलकं पडलं की भारी पडलं, हे तिथं कळतं.

दुसरी खुबी तळाशी लपलेली आहे. ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अशी एक जोडी आयसीच्या दुसऱ्या पायाकडून ग्राउंडकडे जाते. तिच्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली वाढ घटत जाते. ड्राइव्हचं पॉट पूर्ण उघडलं तर उंच स्वरांना ११८ पट वाढ मिळते आणि सगळ्यात जाड तारेच्या मूळ स्वराला, म्हणजे ८२ हर्ट्झला, जेमतेम तेरा पट. खर्ज डायोडच्या तावडीत कमी सापडतो. तो सापडला असता तर पावसाळ्यातल्या पांदीसारखा नुसता राडा झाला असता. ज्यानं हे दोन आकडे निवडले त्याचा कान माझ्या दृष्टीनं आयसीपेक्षा मोठा.

डायोड मी सोल्डर केलेच नाहीत. बोर्डावर आठ पायांचा एक रिकामा आयसी बेस लावला. डायोडचे पाय त्यात नुसते खोचायचे आणि उपटायचे. डबा म्हणून भिंतीतल्या स्विचबोर्डाची पत्र्याची पेटी, आणि नऊ व्होल्टची बॅटरी एका जुन्या मल्टिमीटरमधली उसनी. आधी बसवले ते नेहमीचे १एन४१४८. ज्वारीच्या दाण्याएवढी नारिंगी काच, एका टोकाला काळा पट्टा. सिलिकॉनचे, साधारण ०.६ व्होल्टला उघडणारे. उघडणारे म्हणतो, पण दार उघडावं तसं नाही. शंभरेक मिलिव्होल्ट चढले की त्यातून जाणारा करंट दहापट होतो, पुढच्या शंभराला आणखी दहापट. डायोड म्हणजे दार नव्हे, उतार आहे. पेडलातला सगळा स्वभाव या उतारात साठलेला असतो.

भाच्यानं एक तार छेडली आणि हात काढून घेतला. या डब्याचं रसग्रहण करायचं तर असंच करावं. गती-ताना नकोत, एक स्वर आणि त्याचा शेवट. आधी थोडा नाकात बोलणारा, पण उच्चार शुद्ध असलेल्या माणसासारखा आवाज. मग लांबलचक आस. ही आस कुठून येते? डायोड उंची बांधून ठेवतो, त्यामुळे तार विझत असली तरी बाहेरचा आवाज बराच वेळ तेवढाच राहतो. ११८ पट वाढीला ०.६ व्होल्ट म्हणजे आत पाच मिलिव्होल्ट. तारेचा जोर तिथं उतरेपर्यंत स्वर डायोडच्या मुठीत, आणि त्यानंतर तो निसटतो. निसटताना अंगावरची सगळी खरखर गळून पडते आणि नुसती धुतलेली तार एक क्षण ऐकू येते. मला सगळ्या डब्यात हा क्षण आवडला. भाच्याला तो माझं ऐकूनच कळला, कारण तरुण माणूस शेवटापर्यंत थांबतो कुठं?

मग अदलाबदल सुरू झाली. १एन४००७, पॉवर सप्लायमधले काळे दांडगे. त्यांचे पाय इतके जाड की आयसी बेसमध्ये जाईनात. बारीक तारेचे तुकडे जोडून बसवावे लागले. त्यांनी आवाज ‘उबदार’ होतो अशी ख्याती आहे. भाच्याला ते लगेच पटलं. मी त्याला पाठमोरा बसवला, न सांगता कधी हे कधी ते खोचलं आणि बिलबुकाच्या मागे खुणा करत गेलो. चाचणी संपली तेव्हा त्याची उत्तरं नाणेफेकीपेक्षा फार बरी नव्हती. मग मी पाठमोरा बसलो. माझीही तीच गत. दोन्ही सिलिकॉनच, उंची जवळजवळ सारखी, उतारही भावाभावांचा. फरक असेलच तर तो फाट्यावरच्या ट्रकांखाली गाडला गेला.

लाल एलईडी लावले तेव्हा मात्र भाचा उडालाच. “मामा, हे बघा, कसं मोकळं वाजायलंय!” वाजत होतंच. लाल एलईडी १.७ व्होल्टच्या आसपास उघडतो, म्हणजे शेंडा जवळजवळ तिप्पट उंचीवर खुडला जातो आणि बाहेर येणारा आवाजही तितका मोठा. मोठा आवाज चांगला वाटणं हा कानाचा जुना रोग आहे. मंडपाचा भोंगा गावोगाव त्याच्यावरच विकला जातो. मी मीटर लावून पेडलाची लेव्हल आधीच्या डायोडइतकी उतरवली आणि म्हटलं, आता ऐक. निम्मं मोकळेपण तिथंच विरलं. उरलं ते खरं होतं: हलका हात स्वच्छ, भारी हात खरखरीत, आणि दोन्हींमधलं अंतर ऐसपैस. स्वर विझताना चौदा मिलिव्होल्टवरच सुटतो, त्यामुळे आस आखूड. निळे एलईडी लावून बघायची त्याची हौस मी पुरवली, पण ते तीन व्होल्टला उघडणार आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ४५५८ स्वतःच तिथं डोकं आपटायला लागतो. तेव्हा खुडणारा डायोड राहत नाही, आयसी होतो, आणि त्याची कातर बोथट आहे.

आता माझ्या काडेपेटीकडे. तीत ओए७९ आहेत, जर्मेनियमचे, जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढून जपलेले. ज्या रेडिओवर आमच्या घरी परभणी आकाशवाणी लागायची, त्यातला एकही यात आहे. तिथं त्याचं काम रेडिओच्या लहरीतून बोलणं वेगळं काढायचं. भिंगाखाली धरला तर काचेच्या नळीत केसाएवढी वाकवलेली तार जर्मेनियमच्या कपच्यावर टोक टेकवून उभी दिसते. ती दिसली की माल खरा. हे मी मोजून शिकलो, कारण भाच्यानं एका विक्रेत्याकडून जर्मेनियम म्हणून मागवलेले डायोड मीटरवर बरोबर पाव व्होल्ट दाखवत होते. पण उलटे लावले तर गळती शून्य, आणि काचेत तार नाही. शॉटकी जातीचे सिलिकॉन निघाले. खऱ्या जर्मेनियमला उलट बाजूनं थोडं गळायची खोड असते. वाजायला ते वाईट होते असं नाही, खोटं कशाला बोलू. राग आला तो नावाबद्दल.

दोन्ही बाजूंना ओए७९ लावले आणि माझाच हिरमोड झाला. पाव व्होल्टला उघडणारे हे. आवाज दबला, आघात मऊ पडला, विझता स्वर दोन मिलिव्होल्टपर्यंत खरखरतच राहिला. माझा तो निसटायचा क्षण जवळजवळ गेलाच. शेंडा इतका खाली खुडला की झाड खुरटलं. डिस्टॉर्शन प्लसमध्ये जर्मेनियम शोभतं, ते त्या सर्किटच्या ठेवणीमुळे. इथं जोडीनं नाही शोभत. नुसत्या नावानं जर्मेनियम बसवणारे गिटारवाले आणि नुसत्या नावानं जुना तांब्या घेणारे, दोन्ही सारखेच.

पण ओए७९ला सोडवेना. मग आठवली जवारी. आमच्याकडे भजनातल्या वीणेला सूर लागेना की म्हातारे तारेखाली सुताचा धागा सरकवतात आणि वीणा एकाएकी बोलायला लागते. मिरजेत तर तानपुऱ्याची घोडी घासून जवारी काढणं हा पिढीजात धंदा आहे; तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं की तार जिथं छेडली त्या जागेमुळे जे वरचे स्वर गणितानं गैरहजर असायला हवेत, ते तानपुऱ्यात ठणठणीत हजर असतात. कारण गोलसर घोडीवर तार प्रत्येक हेलकाव्याला टेकते आणि सुटते. डायोडही स्वराला असाच टेकू देतो. फरक एक: घोडी तारेला एकाच बाजूनं अडवते. आणि तामुरांचे डायोड दोन्ही बाजूंनी सारखे.

हा फरक कानाला कसा लागतो ते सांगतो. दोन्ही बाजू सारख्या खुडल्या तर फुटवे विषम क्रमांकाचेच येतात. सा वाजवला तर तिसरा फुटवा वरचा पंचम, पाचवा त्याच्याही वरचा गंधार, सातवा कोमल निषादापेक्षा उतरलेला एक विचित्र निषाद. हा पाचवा फुटवा म्हणजे तोच, जो तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो म्हणून गवई भारावतात. गिटारच्या पडद्यावरचा गंधार याच्यापेक्षा थोडा चढा. त्यामुळे ओव्हरड्राइव्हमध्ये सा-ग-प एकदम वाजवलं की दोन गंधार भांडतात, आणि म्हणून रॉकवाले गंधार गाळून नुसता सा-प धरतात. पंचमाचं भांडण नावापुरतंच, शिवाय सा आणि प यांच्या फरकातून खालचा सा आयताच मिळतो. भाच्याला हे बोटांनी माहीत होतं, कारण ठाऊक नव्हतं. मला कारण कळलं, बोटं नाहीत.

बाजू असमान केल्या की सम क्रमांकाचे फुटवेही येतात. पहिल्यांदा येतो तो वरचा सा. बॉस कंपनीनं १९७७च्या ओडी-१मध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावून हेच केलं होतं. माझ्या कानाला तो फरक जरा जास्त, लंगडल्यासारखा वाटतो. म्हणून मी एका बाजूला एकटा ४१४८ ठेवला आणि दुसऱ्या बाजूला ४१४८च्या मागे एक ओए७९ जोडला. एकीकडे ०.६, दुसरीकडे ०.८५. भाच्यानं तीच तार तशीच छेडली. खरखर तेवढीच, पण तिच्या डोक्यावर वरचा सा बारीक समईसारखा उभा. नाकातला सूर थोडा छातीत उतरला. आणि स्वर निसटताना एकदम नाही सुटला. आधी एक बाजू सुटली, मग दुसरी. धागा सरकवलेली वीणा मला तिथं ऐकू आली. दुकानात आम्ही दोघंच होतो, पण मी उगाच इकडं-तिकडं बघितलं.

एक खोट आहे आणि ती आमच्या हवामानाची आहे. डायोड तापला की लवकर उघडतो, अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टनं. पौषातल्या पहाटेचे १५ अंश आणि मे महिन्यात पत्र्याखालचे ४५, म्हणजे ६० मिलिव्होल्टचा फरक. सिलिकॉनच्या सहाशेत तो एक दशांश. ओए७९च्या अडीचशेत जवळजवळ एक चतुर्थांश, आणि गळती वाढते ती निराळीच. म्हणजे माझी निवड ऋतूप्रमाणे वाजणार. तानपुराही दमट हवेत जवारी सोडतो, पण तो परत घासून देणारा माणूस असतो.

मे महिन्यात भाचा परत आला. रात्री लाईट गेली तेव्हा आम्ही मंडपाचा छोटा अँप्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि तो वाजवत बसला. पेटीचं झाकण उघडंच होतं. अंधारात बघतो तर आयसी बेसमध्ये दोन लाल ठिपके, प्रत्येक छेडीला उमलणारे आणि स्वराबरोबर विझणारे. माझी जोडी उपटून त्यानं एलईडी लावले होते.

“दुपारी तुमचं लय दबून वाजायलं होतं, मामा. हे कसं, कधीही सारखं.”

“आणि पहाटे?”

“पहाटे कोण वाजवतंय?”

खिशातून त्यानं माझा ओए७९ काढून दिला. पाय सरळ करून, तार आत जागेवर आहे ना ते मोबाईलच्या उजेडात बघून, मी तो परत काडेपेटीत ठेवला. तो पुढची गत धरून बसला होता, आणि ठिपके चांगलेच लाल दिसत होते.